‘करंट’, करवंद आणि करमदां : एका रानझुडपाच्या नावाविषयी

प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझी बहीण अमेरिकेत कोलोरॅडोत राहते. तिथल्या मराठी मैत्रिणींसाठी ती बागकामाच्या सूचना मराठीत करून मागते आणि मी त्या इथे बडोद्यात बसून लिहून देते. या वेळचे झुडूप आहे ‘गोल्डन करंट’, म्हणजे तिकडे रानात आपोआप वाढणारे, पिवळ्या फुलांचे. कोशात ‘करंट’ पाहिले तर ‘बेदाणा’ हा अर्थ मिळतो. सासूबाईंनी ‘करवंद’ सुचवले आणि तूर्त मी तेच लिहिले आहे. ते चालेल का?

उत्तर

ताई, ‘करवंद’ हा शब्द कृपया खोडावा. घोटाळा जुना आहे, कारण इंग्रजांनी आपल्या करवंदालाच ‘बेंगॉल करंट’ असे नाव देऊन ठेवले होते. परंतु ही दोन झुडपे एकमेकांच्या नात्यातलीही नाहीत. करवंदी ही कण्हेर आणि रुई यांच्या कुळातली. तिची फांदी मोडली की पांढरा चीक येतो आणि तो बोटांना चिकटून राहतो. गोल्डन करंट ‘रिबीस’ या वेगळ्याच प्रजातीतले असून त्याला ना चीक असतो ना काटे, आणि त्याच्या फुलांना लवंगेसारखा वास येतो.

‘बेदाणा’ही इथे बसत नाही. इंग्रजीतला ‘करंट’ हा शब्द ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराच्या नावावरून आला. तिकडून येणाऱ्या बारीक, काळ्या, वाळवलेल्या द्राक्षांना तो मूळचा लागू होता आणि तेवढ्यापुरते ‘बेदाणा’ हे भाषांतर बरोबरच आहे. पुढे उत्तर युरोपातल्या एका झुडपाची फळे तशी दिसतात म्हणून तेच नाव त्या झुडपाला चिकटले. नुसते ‘करंट’ ठेवावे, तर ‘करंट कुंडीत लावावा’ हे वाक्य मराठी वाचकाला आधी विजेकडे नेते. म्हणून माझे मत असे, की ‘सोनेरी रिबीस’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखात तिकडचे नाव एकदा सांगून मोकळे व्हावे.

हा आग्रह केवळ शब्दापुरता नाही. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. पिकलेल्या फळातून काढून, धुऊन ते लगेच पेरावे लागते आणि पावसाळ्याच्या ओलाव्यात ते रुजते. रिबीसच्या बियांचे नेमके उलट आहे. ओलसर वाळूत मिसळून त्या २ ते ३ महिने शीतकपाटात ठेवाव्या लागतात किंवा हिवाळ्याआधीच उघड्यावर पेरून थंडी त्यांच्या अंगावरून जाऊ द्यावी लागते. एरवी पानगळ झाल्यावर वीतभर लांबीच्या पक्क्या काड्या छाटून लावल्या तरी चालते आणि जुन्या झुडपाच्या बुंध्याशी फुटलेले धुमारे मुळांसकट वेगळे करता येतात. आपल्या सूचनेत ‘करवंद’ छापले गेले, तर एखादी कोकणातली आजी सवयीप्रमाणे ताजे बी थेट उन्हाळ्यात कुंडीत पेरील आणि ते का उगवत नाही हे तिला कळणार नाही. बडोद्यात मात्र रिबीसचा प्रयत्न करू नये. त्याला जी दीर्घ, कडक थंडी लागते ती आपल्याकडे पडत नाही.

पुरवणी प्रश्न

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. खंडेराव मार्केटात करवंदे मागितली की भाजीवाली ‘करमदां’ म्हणते आणि आमच्या घरातली मुलेही आता तेच म्हणतात. हा ‘करवंद’ या शब्दाचा अपभ्रंश समजावा काय?

उत्तर

अपभ्रंश नव्हे, सख्खे भावंड समजावे. संस्कृतात या फळाला ‘करमर्द’ म्हणतात. गुजरातीने त्यातला ‘म’ जपला, तर मराठीत त्याचा ‘व’ झाला, जसा कोमलचा कोवळा, श्यामलचा सावळा आणि ग्रामचा गाव झाला. जुन्या लेखनात ‘गांव’वर जो अनुस्वार देत, तो त्या हरवलेल्या ‘म’चीच खूण होती. ‘गाव’मध्ये तो उच्चारातून गेला, ‘करवंद’मध्ये तो आजही स्पष्ट ऐकू येतो. हिंदीतले ‘करौंदा’ही याच घरचे. तेव्हा मुलांना ‘करमदां’ म्हणू द्यावे, फक्त फळाला ‘करवंद’, झुडपाला ‘करवंदी’ आणि दाटीला ‘जाळी’ हे तीन शब्दही त्यांच्या कानी पडू द्यावेत. करवंद दाताने अर्धे तोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी, हा आपला खेळ त्यांना अवश्य शिकवावा.

मूळ प्रश्नकर्तीकडून

मनःपूर्वक आभार. मजकुरात ‘सोनेरी रिबीस’ केले आहे आणि बियांना थंडी देण्याची सूचना अगदी पहिल्या ओळीत आणली आहे. सासूबाईंना ‘करमर्द’ सांगितले, तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.