अनुभव धागा: गाडीच्या हेडलाइटचा योग्य बल्ब तुम्ही कसा निवडलात?

गेल्या श्रावणात ताम्हिणी घाट उतरताना माझ्या गाडीचा डावा हेडलाइट गेला. दुसऱ्या दिवशी माणगावच्या एका दुकानात केवळ गाडीचे नाव सांगून बल्ब घेतला, तो होल्डरमध्ये बसेना. माझ्या मॉडेलच्या साध्या प्रकारात रिफ्लेक्टरचा (आतल्या वक्र आरशाने उजेड पुढे फेकणारा) दिवा असून त्याला एच-४ क्रमांकाचा बल्ब लागतो, तर वरच्या प्रकारात प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेला दिवा) असल्याने त्याचा बल्ब वेगळा आहे, हे मला तेव्हा कळले. तेव्हापासून जुना बल्ब काढून त्याच्या बुडावरचा क्रमांक, व्होल्ट आणि वॉट वाचल्याशिवाय मी दुकानाची पायरी चढत नाही. एच-४ वर १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट असे लिहिलेले असते, म्हणजे एकाच काचेत अप्परसाठी ६० वॉटचे आणि डिपरसाठी ५५ वॉटचे अशी दोन फिलामेंट असतात. एच-७ मध्ये मात्र ५५ वॉटचे एकच असते. आपण काय निवडले, काय चुकले आणि ते कसे निस्तरले, हे कृपया तपशिलाने लिहावे.

*

माझी चूक वॉटची होती. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने रात्री कराडला वरचेवर जावे लागते, म्हणून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनच्या सल्ल्याने १००/९० वॉटचे बल्ब बसवून घेतले. बूड तेच असल्याने ते सहज बसले. दोन महिन्यांनी गाडीत जळका वास येऊ लागला. बॉनेट उघडून कपलर (बल्बच्या पिनांवर बसणारा वायरचा जोड) ओढला, तर त्याचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी पडून एका कोपऱ्यात वितळले होते आणि बल्बची एक पिन त्यातच चिकटली होती. १२ व्होल्टवर ५५ वॉटला साधारण साडेचार अँपिअर लागतात, ९० वॉटला साडेसात. मूळची बारीक वायर आणि स्विच एवढा भार सोसण्यासाठी केलेले नसतात. मी नवा कपलर टाकला, पुन्हा ६०/५५ चेच बल्ब घेतले आणि बॅटरीपासून जाड वायर आणून रिले (मूळच्या स्विचवर भार न टाकता बल्बला थेट बॅटरीचा प्रवाह जोडणारा विद्युत स्विच) बसवला. बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचू लागल्यामुळे त्याच साध्या बल्बांचा उजेड लक्षात येण्याइतका वाढला. जुन्या गाडीचा उजेड मंद वाटत असेल, तर आधी वायरिंग तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

*

मी एच-४ च्या बुडाचे एलईडी बल्ब घेतले होते. पांढऱ्याशुभ्र उजेडावर मी खूश होतो, पण एका संध्याकाळी वडील स्कूटरवरून समोरून आले आणि घरी पोहोचताच म्हणाले, "अरे, तुझी गाडी समोर आली आणि मला रस्त्याची कडाच दिसेना." त्याच रात्री गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर उभी केली. हॅलोजनच्या, म्हणजे मूळच्या फिलामेंटवाल्या बल्बच्या, डिपरचा उजेड भिंतीवर एका स्पष्ट रेषेखाली थांबतो, एलईडीचा मात्र वरपर्यंत विस्कटलेला दिसला. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, जिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडून खाली रस्त्याकडे वळतो; माझ्या एलईडीतील चिप नेमक्या त्या जागी नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी मी ते काढून टाकले.

*

इंग्लंडमध्ये हा प्रश्न आवडीनिवडीचा राहतच नाही. १ एप्रिल १९८६ पासून पुढे वापरात आलेल्या गाडीच्या हॅलोजन दिव्यात एलईडी बल्ब घातलेला आढळला, तर ती एमओटी तपासणीत (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का, हे पाहणाऱ्या तिथल्या सक्तीच्या तपासणीत) नापास होते. मी माझ्या गाडीला एच-७ हॅलोजनच घेतो आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलतो, कारण एक गेला की तेवढाच वापरलेला दुसराही फार काळ टिकत नाही.

*

माझा बल्ब योग्य क्रमांकाचा असूनही तीन आठवड्यांत गेला. काच बोटांनी धरली होती. त्वचेचे तेल तापलेल्या क्वार्ट्झवर (बल्बच्या काचेवर) राहिले आणि त्याच जागी पांढुरका फुगवटा आला. आता मी बुडालाच धरतो, चुकून काचेला हात लागलाच तर स्पिरिटने पुसतो, आणि दिव्याच्या मागचे रबरी टोपण नीट बसले आहे याची खात्री करूनच बॉनेट लावतो.