माळ उतरवली, पण अपराधी भाव उतरला का?

माळ उतरवलेला, ठाणे

चार वर्षांपूर्वी मी गळ्यातली तुळशीची माळ उतरवली आणि देवधर्म सोडला. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात देव्हारा आणि माझी कॉट एकाच खोलीत होती. नोकरीला लागल्यानंतरही मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहण्याआधी मी देव्हाऱ्याची दारे लावून घेत असे आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने बारीकसे टिंब काढत असे. टिंब म्हणजे पतन. आता घोडबंदर रस्त्यावरच्या भाड्याच्या घरात देव्हारा नाही, तरी नंतरची खंत तीच आहे. पूर्वी मी तिला पाप म्हणत असे, आता व्यसन म्हणतो, आणि टिंबांचे काम ‘संयमाचे दिवस’ मोजणारे एक ॲप करते. माझे मत असे की धर्म सोडल्याने हा अपराधी भाव जात नाही, तो केवळ डॉक्टरी भाषा बोलू लागतो. म्हणून त्याला मुळीच किंमत देऊ नये.

कळव्याचा वारकरी

आपण धर्माला फार लवकर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. चार पुरुषार्थांत कामाला जागा देणारी परंपराही आपलीच आहे. राहिला डॉक्टरी भाषेचा प्रश्न, तर ती आपण माळ उतरवल्यावर जन्मली नाही. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती आपणही वाचल्या असतील. ‘रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब’ हा हिशेब सांगणाऱ्या वैदूला देवाची गरज कधीच लागली नाही. वीर्यनाशाच्या याच धास्तीने खंगणाऱ्या रुग्णांच्या आजाराला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. मी माळकरी आहे आणि मला अशी धास्ती नाही. आपण नास्तिक आहात आणि आपल्याला आहे. मग दोष माळेचा कसा?

नेरूळची वाचक

मला मूळ लेखातले शेवटचे वाक्य खटकले. मीही श्रद्धा सोडली आहे, आणि सोडल्यावरच मला या चित्रफितींवरचा माझा खरा आक्षेप नीट मांडता आला. आधी माझा आक्षेप ‘घाण’ या एका शब्दापाशी थांबत असे. आता मी विचारते की पडद्यावरच्या बाईची संमती होती का, तिला पैसे मिळाले का, आणि ती चित्रफीत तिच्या नकळत तर पसरवलेली नाही ना. र. धों. कर्वे पक्के नास्तिक होते. १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचे मासिक चालवताना त्यांनी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि त्यांपैकी एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण कर्व्यांचा झगडा लैंगिक ज्ञानासाठी आणि स्त्रीच्या सुखाच्या हक्कासाठी होता. त्यांच्या वारशातून ‘काहीही पाहा, खंत नको’ असा निष्कर्ष काढणे ही पुरुषांची सोय झाली. (या विषयावर बोलताना पुरुष स्वतःच्या मनाविषयी भरभरून लिहितात आणि पडद्यावरच्या व्यक्तीविषयी चकार शब्द काढत नाहीत, हे आजही दिसलेच.)

वाशीचा समुपदेशक

येथे खंत आणि व्यसन या दोन गोष्टींची गल्लत होते आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत असे दिसले की धार्मिक आणि अश्लील चित्रफिती पाहण्याला नैतिकदृष्ट्या चूक मानणारे लोक, पाहण्याचे प्रमाण इतरांइतकेच असले तरी, स्वतःला व्यसनी समजण्याची शक्यता अधिक असते. आचार आणि मूल्ये यांच्यातल्या या तफावतीला ते नैतिक विसंगती म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अनिवार्य लैंगिक वर्तनाचा विकार आहे खरा, परंतु केवळ नैतिक नापसंतीतून येणारा त्रास त्या निदानाला पुरेसा नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. त्यासाठी दीर्घकाळ ताबा सुटलेला असावा लागतो आणि त्यातून तीव्र त्रास किंवा काम, नाती यांसारख्या गोष्टींची मोठी हानी झालेली असावी लागते. म्हणून मूळ लेखकाला माझा प्रश्न इतकाच आहे की आपले नेमके काय बिघडले आहे?

माळ उतरवलेला, ठाणे

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर काहीच बिघडलेले नाही. कामावर वेळेवर जातो, झोप लागते. नेरूळच्या ताईंचे म्हणणे मात्र झोंबले, कारण इतक्या वर्षांच्या खंतीत पडद्यावरच्या बाईचा विचार मी एकदाही केला नव्हता. देव काय म्हणेल आणि पुढे माझी तब्येत काय म्हणेल, एवढेच पाहत आलो. ‘मुळीच किंमत देऊ नये’ हे शब्द मागे घेतो. धर्माविषयीचे मत मात्र मागे घेत नाही, कारण वैदूची जाहिरात वाचण्याच्या कितीतरी आधी मी देव्हाऱ्याची दारे लावायला शिकलो होतो.

गेल्या रविवारी नौपाड्याला गेलो असता आईने माळ्यावरून जुनी कॅलेंडरे रद्दीसाठी काढली होती. मी टिंबे मोजली, तर महिन्याला पाच-सहा. ॲपवरचा आकडाही तेवढाच आहे. आई खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, “त्या दूधवाल्याने तेव्हा इतके खाडे केले होते का रे?”