राखीव वनातील वीरगळ आणि जोत्यांची नोंद कशी करावी?

पायवाट:
पुण्याच्या पश्चिमेकडे राखीव वनात आम्हा तिघांना चार वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), एक सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीची स्मृतिशिळा) आणि झुडपांत बुजलेली काही दगडी जोती आढळली. शेजारी गिरिपुष्पाची लागवड आहे आणि वरच्या उतारावर समतल चरांसाठी (पाणी अडवायला उताराला आडवे खणायचे लांब खड्डे) चुन्याची आखणी झालेली दिसते. आमच्यापैकी कोणीही पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही. नोंद कशी करावी आणि कोणाकडे द्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दगडफूल:
आधी बीटच्या वनरक्षकांना भेटावे आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. गवत वाळल्यावर, म्हणजे फेब्रुवारीनंतर, जोत्यांच्या कडा उघड्या दिसतात. दाट झाडीखाली जीपीएस काही मीटर चुकू शकते, म्हणून वनहद्दीच्या जवळच्या बुरुजापासून (हद्द दाखवणाऱ्या दगडी खुणेपासून) टेपने अंतर मोजून दिशाही लिहावी. वीरगळाचे छायाचित्र सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून, खालच्या चौकटीपासून वर असे चौकटीगणिक घ्यावे. तळाच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतील तर वीर गोधन सोडवताना पडला असा अर्थ लागतो, तर सर्वांत वरच्या चौकटीत बहुधा तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू फिरवू नये, शेंदूर खरवडू नये आणि आडवा पडलेला दगड उभा करण्याचा मोह तर मुळीच धरू नये, कारण तो जिथे आणि जसा पडला आहे, तीही नोंदच आहे.

जुना बुरूज:
वरील सल्ला योग्यच आहे, परंतु घाई चरांची आहे. मी एकदा सुरेख छायाचित्रांची फाइल एका कार्यालयात दिली आणि पुढच्याच उन्हाळ्यात जोत्यातून आरपार चर गेला, कारण आखणी करणाऱ्याच्या हातात फक्त कक्षाचा (वनाच्या क्रमांक दिलेल्या भागाचा) नकाशा होता आणि त्यावर माझ्या जोत्याचा ठिपका नव्हता. म्हणून कक्ष क्रमांकासह त्याच नकाशाच्या प्रतीवर जागा दाखवून अर्ज उपवनसंरक्षकांकडे द्यावा, पोच घ्यावी, आणि साधारण दहा वर्षांसाठी होणाऱ्या कार्य आयोजनेत (वनातील कामांच्या आराखड्यात) या जागेची नोंद व्हावी अशी स्पष्ट मागणी करावी. एक प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या पुणे कार्यालयाला द्यावी. वीरगळांच्या वाचनासाठी डेक्कन कॉलेजात विचारावे. नेमके अक्षांश-रेखांश मात्र इथे टाकू नयेत, गुप्तधनवाले वाचतात.

पायवाट:
आभारी आहे. चुन्याची रेघ मधल्या जोत्यापासून जेमतेम बारा पावलांवर आहे, त्यामुळे छायाचित्रे नंतर. सोमवारी आधी अर्ज देतो.