पडक्या वाड्याचा फोटो, पिनहोलला वेळ किती द्यायचा?

प्रश्न: चहाच्या पत्र्याच्या डब्याचा पिनहोल (भिंगाऐवजी बारीक भोक असलेला कॅमेरा) केलाय, भोक ०.३ मिमी, आत फोटो पेपर. कसबा पेठेतला एक वाडा पाडायच्या आत टिपायचाय हो, पण चौकात ऊनच येत नाही, तीनदा पेपर पांढराफटक निघाला.

उत्तर: भोकापासून पेपर ५ सेंमीवर असेल तर एफ १६० च्या आसपास येतं (अंतर भोकाच्या साधारण १६० पट, म्हणजे प्रकाश अगदी कमी), भोक उघडं ठेवायला भर उन्हात २०-३० सेकंद पुरतात पण सावलीत ५ मिनिटं तरी द्या आणि डब्यावर वीट ठेवा, हलला की गेलं.

उत्तर: भोकाच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासा. मालकांना विचारूनच आत जा, जिने कुजलेले असतात.

प्रश्नकर्ता: ६ मिनिटं दिली, आलं!! तुळशीवृंदावन, खांबावरची नक्षी, दांडीवर राहिलेला टॉवेलसुद्धा.