गुलाबाचं असेंब्ली दुप्पट मोठं येतंय, काय चुकतंय?

सायली_एमएस्सी:
नमस्कार, आमच्या लॅबमधल्या एका जुन्या चायना गुलाबाचं पॅकबायो हायफाय सिक्वेन्सिंग (डीएनएचे लांब, अचूक तुकडे वाचणं) करून आणलंय आणि मी हायफायएएसएम या सॉफ्टवेअरवर असेंब्ली केली, म्हणजे ते तुकडे जोडून जीनोम बांधला, तर प्रायमरी फाइलच (जिच्यात एकच प्रत असायला हवी) जवळपास एक हजार मेगाबेसची (एक मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरं) निघाली. गुलाबाचा जीनोम साधारण पाचशेचा असतो ना? बुस्कोत (अपेक्षित जीन सापडतात का ते तपासणारं टूल) डुप्लिकेटेड, म्हणजे दोनदा सापडलेले जीन पण खूप आलेत. सर म्हणतात सरळ पर्ज-डप्स (जादा प्रती काढून टाकणारं टूल) लाव, लावू का?

किरण२१:
थांब, लगेच लावू नकोस. गुलाब वर्षानुवर्षं कलम करूनच वाढवतात, त्यामुळे आईकडची आणि बापाकडची प्रत एकमेकींपासून खूप वेगळी असते, आणि सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळ्या जागा समजून दोन्ही ठेवतं. 2018 मध्ये 'ओल्ड ब्लश' या चायना गुलाबाचा जीनोम फ्रान्समधल्या दोन टीमनी काढला, लिआँ आणि आँजे, तेव्हा दोघांनीही ही कटकटच नको म्हणून परागाच्या पेशींपासून एकाच प्रतीचं मटेरियल कल्चरमध्ये तयार करून तेच वाचलं होतं. म्हणूनच सात क्रोमोसोम इतके नीट जुळले आणि लिआँवाल्यांना 36 हजारांवर जीन मिळाले. फार सुंदर काम आहे ते, पेपर नक्की वाच. आता मात्र हायफाय असेल तर एवढं करावं लागत नाही, हॅप-१ हॅप-२ (म्हणजे दोन्ही प्रती) वेगळे काढता येतात, हाय-सी डेटा (डीएनएचे कोणते भाग पेशीत जवळजवळ असतात ते सांगणारा) असेल तर आणखी स्वच्छ.

माळी_बायोइन्फो:
हायफायएएसएमची लॉग फाइल उघड आणि होमोझायगस पीक (दोन्ही प्रतींत सारखे असलेले भाग सरासरी किती वेळा वाचले गेले तो आकडा) कितीवर धरलाय ते बघ. बऱ्याचदा प्रोग्राम हेटेरोझायगस पीकलाच (दोन प्रतींत वेगळे असलेल्या भागांचा, निम्मा आकडा) होमो समजतो आणि मग प्रायमरीत दोन्ही प्रती राहतात. तसं असेल तर होम-कव्ह, म्हणजे होमो पीकचा खरा आकडा, हाताने देऊन परत चालव, पर्ज-डप्सची गरजच पडणार नाही बहुतेक.

विद्या_के:
त्याआधी मुळांची टोकं घेऊन क्रोमोसोम मोज गं. 14 (सातच्या दोन प्रती) असतील तर ठीक, पण बागेतले बरेचसे हायब्रिड गुलाब 28 वाले असतात आणि नावाची पाटी बघून काहीच कळत नाही. चार प्रतींचं झाड असेल तर पर्ज-डप्स खऱ्या प्रतीही उडवेल.

सायली_एमएस्सी:
लॉग बघितला!! त्यात पीक 22 धरलाय आणि जीनोमस्कोपच्या (हे पीक आलेखात दाखवणारं टूल) ग्राफमध्ये 22 आणि 44 असे दोन डोंगर स्पष्ट दिसतायत. 44 देऊन रन लावलाय, आणि मुळं उद्या सकाळीच काढते.