इंजिन धुऊन गाडी दाखवू नका

गाडी विकण्याआधी इंजिन पाण्याच्या प्रेशरने धुऊन चकचकीत करा, असं काही जण सांगतात; मला ते काही पटलं नाही. मी आमच्या जुन्या चार सिलिंडरच्या गाडीला आदल्या संध्याकाळी तेच केलं. स्पार्क प्लगच्या (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या भागाच्या) खोबणीत पाणी राहिलं आणि सकाळी गिऱ्हाईकासमोर इंजिन तीनच सिलिंडरवर थडथडायला लागलं. वर त्यांच्या मेकॅनिकने विचारलं, "ऑइलची गळती लपवायला धुतलंय का?" काय बोलणार!

त्यापेक्षा फडक्याने पुसा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरट-हिरवी पूड काढा. आधी निगेटिव्हची वायर सोडवायची, मग पॉझिटिव्हची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं करून व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. जोडताना पॉझिटिव्ह आधी. बॉनेट उघडलं की जाणकाराची नजर तिथे जातेच.