मदत हवी आहे: सुक्या मासळीचा प्रकल्प आविष्कारच्या कोणत्या गटात?

मुंबई विद्यापीठाच्या आविष्कार या संशोधन स्पर्धेसाठी आम्ही दोघी, एक मायक्रोबायोलॉजीची, एक मराठीची, दोघी पदवीच्या वर्गात. वर्सोवा कोळीवाड्यातून नमुने घेतलेत: वलांडीवर (मासळी वाळवायच्या बांबू-दोरीच्या मांडणीवर) जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील आणि खाली पसरलेला जवळा. दोन्हींतली बुरशी मोजून झाली, वाळवणाऱ्या मावश्यांच्या मुलाखतीही झाल्या. गाडं अडलंय ते सहा गटांपैकी मानव्यविद्या निवडायचा की प्युअर सायन्स, यावर. समन्वयक सर म्हणतात, "दोन्हीत बसतं, तुम्हीच ठरवा." झालं! नियमपत्रक वाचलंय, त्यातून उलगडा झाला नाही. प्रकल्पाचे दोन तुकडे करायचे नाहीत, पोस्टरही एकच. असा मिश्र प्रकल्प कुणी नेला असेल तर सांगा: सायन्सचे परीक्षक मुलाखतींना गुण देतात, की त्या विषयाबाहेरच्या धरतात?